शेजारच्या ओंकारशी घासाघीस कशी करू?

वाचकाचं पत्र

नमस्कार,

आम्ही सिंहगड रोडला राहतो. मी हिंजवडीत नोकरी करते, नवरा चाकणला एका कंपनीत आहे. आमची २०१४ ची छोटी गाडी देऊन नवी पेट्रोल गाडी घ्यायचं ठरलंय. मॉडेल पक्कं आहे, टेस्ट ड्राइव्हही झाली. अडचण अशी की आमच्याच मजल्यावरच्या काकूंचा मुलगा (त्याला ओंकार म्हणू) त्या कंपनीच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. काकूंनी माझी मुलं लहानपणी सांभाळली आहेत. त्यामुळे गाडी त्याच्याकडूनच घ्यायची हे न बोलताच ठरल्यासारखं झालंय.

त्याने कोटेशन घरीच आणून दिलं. एक्स-शोरूम ९,१२,०००, आरटीओ १,०५,०००, इन्शुरन्स ५१,४००, हँडलिंग ९,५००, अ‍ॅक्सेसरी पॅक २४,९००, एक्स्टेंडेड वॉरंटी १७,५००, फास्टॅग ६००. एकूण ११,२०,९००. त्यावर म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी सत्तर हजारांचा बेनिफिट काढलाय." म्हणजे ३०,००० कॅश डिस्काउंट, २५,००० एक्स्चेंज बोनस, १०,००० कॉर्पोरेट आणि ५,००० च्या अ‍ॅक्सेसरीज. जुन्या गाडीचे १,४०,००० देतोय. आठ लाखांचं लोन शोरूममधूनच, सात वर्षांसाठी, "हप्ता तेरा हजारांच्या आत बसवून देतो" असं म्हणाला. ऑफर मात्र ३१ ऑगस्टपर्यंतच आहे.

नवरा म्हणतो, ओळखीत काय घासाघीस करायची, बरं दिसत नाही. बाबा म्हणतात, तीन ठिकाणी फिरल्याशिवाय सही करू नकोस. सासूबाईंना गाडी दसऱ्यालाच दारात हवी आहे आणि पितृपक्षात तर गाडीचं नावही काढायचं नाही.

मला भाव करायला जमतच नाही. तुळशीबागेतसुद्धा मी सांगितलेली किंमत देऊन मोकळी होते. अजून किती कमी होईल? दुसऱ्या शोरूममध्ये जाणं म्हणजे ओंकारला फसवणं आहे का? आणि समोर बसल्यावर बोलायचं तरी काय?

– सिंहगड रोडवरची एक वाचक

उत्तर

ताई,

आधी काकूंचा विषय संपवू, कारण तो मध्ये आहे तोवर तुम्हाला कोटेशनवरचे आकडे नीट दिसणारच नाहीत. काकूंनी तुमची मुलं सांभाळली, त्याची जाण ठेवलीच पाहिजे. पण ती परतफेड शोरूमच्या मालकाला करायची नाही. तुम्ही संकोचापोटी जे जास्तीचे पैसे द्याल, त्यातली ओंकारच्या खिशात फार तर चिल्लर पडेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी आठवायचं.

मी गाड्यांच्या विक्रीत टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून तिकडचा हिशेब सांगतो. सेल्सच्या मुलाचा पगार बेताचा असतो, कमाई इन्सेंटिव्हची. महिन्यात किती गाड्यांचं 'रिटेल' झालं, म्हणजे बिल फाडून गाडी बाहेर पडली, यावर पहिला इन्सेंटिव्ह. मग इन्शुरन्स, लोन, अ‍ॅक्सेसरी, वॉरंटी, एक्स्चेंज या प्रत्येकाचं वेगळं टार्गेट, आणि रोज सकाळच्या मीटिंगमध्ये टीम लीडर त्यावरून सगळ्यांसमोर उभं करून झापणार. हे असं का, तर नव्या गाडीवर डीलरला सुटणारं मार्जिन पातळ असतं. शोरूमचं भाडं, यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांवरचं बँकेचं व्याज, एवढ्या माणसांचे पगार हे सगळं नुसत्या गाडीतून निघत नाही. ते निघतं तुमच्या कोटेशनमधल्या खालच्या ओळींतून.

गिऱ्हाईक मात्र वरच्या आकड्यावर भांडतं. आपला पुणेकर तर दोन हजारांच्या डिस्काउंटसाठी दोन तास हुज्जत घालतो, जिंकल्यासारखा उठतो आणि इन्शुरन्सच्या एका ओळीवर बारा-पंधरा हजार सोडून घरी येतो. तुम्हाला भाव करता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. फार बरं झालं. तुम्ही भाव करूच नका. एकेका ओळीवर बोट ठेवून "हे काय आहे आणि हे मला हवंय का" एवढंच विचारा.

एक्स-शोरूम किंमत कंपनीची असते, ती सगळीकडे सारखी. तिला हात लावू नका. आरटीओचंही तेच. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहन कर ११ टक्के आहे, तुमच्या गाडीवर तो लाखभर होतो. वर नोंदणी फी, कर्जाचा बोजा चढवायची फी, स्मार्ट कार्ड. १,०५,००० फारसे वावगे वाटत नाहीत, फक्त नंतर सरकारी पावती मागून घ्या आणि जास्त घेतले असतील तर फरक परत मागा. गाडीची एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या वर गेली असती तर एक टक्का टीसीएसही (विकणारा गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरतो तो आगाऊ आयकर) लागला असता. तुम्ही त्यातून वाचलात.

आता इन्शुरन्स. इथे जरा थांबू, कारण खरा खेळ इथेच आहे.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, २०१८ पासून तसा नियम आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये अधिक जीएसटी, आणि हा आकडा कुठल्याही विमा कंपनीत तोच. म्हणजे ५१,४०० मधले साडेबारा हजार हलणार नाहीत. उरलेले ३९ हजार हा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि त्यावरचे अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची जास्तीची संरक्षणं. त्यावर कंपनी-कंपनीत भरपूर फरक पडतो आणि शोरूमला त्यातूनच मिळतं. तुम्ही स्वतः ऑनलाइन बसून, तीच आयडीव्ही, तेच अ‍ॅड-ऑन टाकून कोट काढा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर मिळणारी रक्कम. नव्या गाडीची ती एक्स-शोरूमच्या साधारण ९५ टक्के असते. तुमची सुमारे ८,६६,००० यायला हवी. कोट स्वस्त दिसावा म्हणून कुणी ती खाली ओढली असेल तर ती बचत नव्हे. माझ्या अंदाजाने तुमच्या गाडीचा बाहेरचा कोट ३८ हजारांच्या आसपास येईल, पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, कागद हातात घ्या.

अ‍ॅड-ऑनमध्ये झिरो डेप घ्याच, म्हणजे क्लेमच्या वेळी बदललेल्या भागांची झीज धरून पैसे कापत नाहीत. सिंहगड रोडवर राहणाऱ्या माणसाला इंजिन प्रोटेक्टची गरज मी समजावून सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकता नगरीच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडालेल्या तुम्ही पाहिल्याच असतील. पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारला की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. बाकी चावी हरवली, सामान चोरीला गेलं वगैरे शे-दोनशेचे अ‍ॅड-ऑन बिनदिक्कत काढून टाका. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे दुसऱ्या पॉलिसीत आधीच असेल तर तोही पुन्हा घ्यायची सक्ती नाही.

आणि एक गोष्ट जी ओंकार स्वतःहून सांगणार नाही. कदाचित त्याला कुणी शिकवलीही नसेल. जुन्या गाडीवर सलग पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी) ५० टक्के झालेला असतो. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर जात नाही. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लावायचं. नुकसानीच्या विम्याचा हप्ता त्याने निम्मा होतो. पत्र तीन वर्षं चालतं. बहुतेक लोक हा बोनस जुन्या गाडीबरोबर फुकट घालवतात. (गाडी ज्याच्या नावावर, त्याचाच बोनस. जुनी नवऱ्याच्या नावावर आणि नवी तुमच्या नावावर घेणार असाल तर हे आत्ताच ठरवा.)

"बाहेरचा इन्शुरन्स घेतला तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. कॅशलेस होणं न होणं हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर असतं. कंपनीच्या यादीत तुमचं सर्व्हिस सेंटर आहे का ते बघा, झालं. शोरूमचाच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. दुसरं वाक्य असेल, "मग कॅश डिस्काउंट मिळणार नाही." हे ते प्रत्यक्षात करतात. अशा वेळी तत्त्वासाठी भांडू नका. दोन्ही प्रकारे एकूण ऑन-रोड किंमत, म्हणजे सगळं धरून, किती होते ते लिहून मागा आणि कमी असेल ते घ्या.

हँडलिंगचे साडेनऊ हजार सरळ काढायला सांगा. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं, धुणं, तपासणं हे विकणाऱ्याचं काम आहे, त्याचे पैसे एक्स-शोरूममध्ये आलेले असतात. "सगळ्यांकडून घेतो" हे त्यावरचं उत्तर नाही. "मग याची वेगळी जीएसटी पावती आणि कशाचे पैसे ते लेटरहेडवर लिहून द्या" म्हटलं की ही ओळ बहुधा आपोआप पुसली जाते. नाहीच पुसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

अ‍ॅक्सेसरी पॅकमध्ये काय काय आहे याची यादी मागा. मॅट, मड फ्लॅप, सीट कव्हर, एवढं हवंच असेल. बाकी दाराच्या हँडलखाली चिकटवायचे क्रोमचे तुकडे, सुगंधी डबी, कुशन आणि 'पेंट प्रोटेक्शन'. सगळं मिळून आठ हजारांत भागेल, आणि त्यातले पाच तो फुकट देतोच आहे. वॉरंटीचं वेगळं आहे. ती मी वाईट म्हणणार नाही, हल्लीच्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स महाग आहे. पण मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती सहसा नंतरही घेता येते. किंमत कधी आणि किती वाढते ते विचारा, मग ठरवा.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की हँडलिंग गेलं, अ‍ॅक्सेसरी छाटल्या, इन्शुरन्स बाहेरच्या भावाला आला की चाळीसेक हजार कमी झाले, आणि आपण अजून डिस्काउंट हा शब्दही उच्चारलेला नाही.

जुन्या गाडीचं बघू. 'एक्स्चेंज बोनस २५,०००' ऐकायला गोड आहे, पण बोनस कंपनीचा असतो आणि जुन्या गाडीची किंमत डीलर लावतो. १,४०,००० अधिक २५,००० म्हणजे तुम्हाला १,६५,०००. आता हीच गाडी दोन-तीन जुन्या गाड्या घेणाऱ्यांना दाखवा. बाहेर कुणी १,८५,००० देत असेल तर तो बोनस तुमच्याच गाडीतून कापून तुम्हालाच दिलाय. बाहेरचा भाव घेऊन ओंकारकडे या, बहुधा तो आकडा वर सरकवेल, कारण एक्स्चेंजचंही टार्गेट असतं. पण नव्या गाडीचा भाव पक्का होईपर्यंत जुनीचा विषय टेबलावर आणू नका. दोन्ही एकदम काढले की इकडचे दहा तिकडे आणि तिकडचे पंधरा इकडे असा हिशेब सुरू होतो आणि कागदावर तुमचंच भलं झाल्यासारखं दिसतं.

लोनचं थोडक्यात सांगतो. "हप्ता किती परवडेल?" हा प्रश्न विचारणारा तुमची काळजी करत नसतो. आठ लाखांवर ९ टक्के दर धरला तर सात वर्षांना हप्ता १२,८७१ येतो, पाच वर्षांना १६,६०७. पावणेचार हजारांनी हलका वाटणारा हप्ता शेवटी व्याजापोटी सुमारे ८५,००० जास्त घेऊन जातो. ओंकारच्या सत्तर हजारांच्या बेनिफिटपेक्षा जास्त. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी विचारा, मग शोरूमच्या लोनवाल्याला तो दर दाखवा. दर, प्रोसेसिंग फी, मुदतीआधी फेडायचा दंड आणि लोनबरोबर गुपचूप चिकटवलेली एखादी विमा पॉलिसी, या चार गोष्टी लेखी घ्या. शोरूमला बँकेकडून पेआउट, म्हणजे कमिशन, मिळतं, त्यामुळे तिथे दर कमी करायला थोडी जागा असते.

आता ३१ ऑगस्ट. कंपनीच्या स्कीम महिन्यावारी निघतात, त्यामुळे ओंकार खोटं बोलत नाही. पण तुम्ही एक बघितलं नाहीत, आणि त्यानेही बहुतेक मुद्दाम नाही, टार्गेटच्या घाईत पाहिलं नसावं. ऑगस्टची स्कीम म्हणजे ऑगस्टमध्ये बिल. तुम्हाला गाडी हवीय दसऱ्याला. म्हणजे दीड महिना गाडी कुठल्यातरी यार्डात ऊन-पाऊस खात उभी, आणि इकडे तुमचा विमा सुरू, वॉरंटीचे दिवस सुरू, लोनचा हप्ता सुरू. आणि बिल न करता नुसतं बुकिंग केलंत, तर बुकिंग फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या वेळची किंमत लागू होईल. स्कीमही तेव्हाचीच. म्हणून ३१ ऑगस्ट तुमच्या कामाचीच नाही. घाई ओंकारला आहे, तुम्हाला नाही.

बिलाच्या तारखेला किती महत्त्व असतं ते २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सगळ्यांनी पाहिलं. २२ तारखेपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना होती. ज्यांनी आधीच्या पंधरवड्यात पितृपक्ष पाळला त्यांना पितरांनीच आशीर्वाद दिला म्हणायचा.

तेव्हा सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचा नियम तुमच्या फायद्याचा आहे. पितृपक्षात बुकिंग नको, ठीक. पण चौकशी करायला, कोटेशन घ्यायला आणि बोलणी करायला कुठल्या शास्त्रात बंदी असल्याचं माझ्या वाचनात नाही. त्या पंधरा दिवसांत शोरूममध्ये माशा मारत बसलेले असतात, मॅनेजरला बोलायला वेळ असतो आणि आकडा वाकवायची तयारीही असते. तेव्हा सगळं ठरवा, लेखी घ्या, टोकन घटस्थापनेला द्या, बिल दसऱ्याच्या तीन-चार दिवस आधी. फक्त मॉडेलला वेटिंग किती आहे हे आत्ताच विचारून ठेवा. वेटिंग लांब असेल तर गणपतीतच बुकिंग करा. आणि त्या लेखी कागदावर एक ओळ असू द्या: 'डिलिव्हरीच्या महिन्यातली स्कीम याहून चांगली असल्यास ती लागू राहील.'

दुसऱ्या शोरूममध्ये जाणं म्हणजे फसवणं का, या प्रश्नाचं मला थोडं हसू आलं. कोटेशन मागितलं म्हणजे सोयरीक ठरली असं होत नाही. पुण्यात एकाच कंपनीचे बरेच डीलर आहेत. कंपनीची स्कीम सगळ्यांना सारखी, पण डीलर स्वतःच्या खिशातून काय घालतो ते वेगळं. चिंचवडला जाऊन या. तिथून घेतली तरी पुण्याचा एमएच-१२ नंबर घेता येतो, फक्त बुकिंगलाच सांगून ठेवायचं. बाबांचं तीन ठिकाणचं म्हणणं ठीक आहे, पण तुमचं काम दोन ठिकाणी भागेल. मात्र न मिळालेलं कोटेशन मिळालं म्हणून सांगू नका. सेल्स मॅनेजर मंडळी या शोरूममधून त्या शोरूममध्ये नोकऱ्या बदलत फिरत असतात, एका फोनवर तुमचं खोटं उघडं पडेल आणि मग ओंकारसमोर खरंच लाज वाटेल.

बोलणी घरी करू नका. काकूंनी पोह्यांची बशी पुढे केल्यावर हँडलिंगचा विषय कोण काढणार? शोरूममध्ये जा, शनिवार-रविवार सोडून, दुपारी. बाबांना बरोबर न्या, नवऱ्याला नेऊ नका. दोघं समोर बसले की सेल्सचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो की कोण पाघळलंय, आणि मग तो त्याच्याशीच बोलायला लागतो. "जाऊ दे ना, एवढंसं काय" असं टेबलावर म्हणणारा नवरा शोरूमला फार प्रिय असतो.

ओंकारला अगदी स्पष्ट सांगा: "ओंकार, गाडी तुझ्याकडूनच घ्यायचीय. म्हणूनच बाहेर काय भाव आहेत ते बघून आले, नंतर मनात राहायला नको. हा इन्शुरन्सचा कोट, हा जुन्या गाडीचा, हे दुसऱ्या शोरूमचं कोटेशन. यातलं तुझ्या हातात काय आहे आणि तुझ्या मॅनेजरच्या हातात काय, ते मला सांग." हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्यामुळे तो मुलगा तुमच्या विरुद्ध बाजूचा राहत नाही, तुमचे कागद घेऊन आत जातो.

मग तो "मॅनेजरशी बोलून येतो" म्हणून काचेच्या केबिनमध्ये जाईल. दहा मिनिटं तुम्हाला दोन पाठमोरी डोकी आणि एक कॅल्क्युलेटर दिसेल. आत काय चाललेलं असतं ते सांगतो. मॅनेजर विचारतो, "आज घेतील का?" ओंकार म्हणतो, "घेतील, ओळखीच्या आहेत." मॅनेजर विचारतो, "मग सोडायचं कशाला?" या प्रश्नाला ओंकारकडे उत्तर असावं म्हणून तुमचे कागद त्याच्या हातात हवेत. "दुसऱ्या शोरूमचं कोटेशन आहे साहेब" एवढं तो म्हणू शकला की बोलणं पुढे सरकतं.

परत येऊन तो एक आकडा सांगेल. तेव्हा लगेच हो म्हणू नका, नाही म्हणू नका, स्पष्टीकरणही देऊ नका. गप्प बसा. तुम्हाला भाव करता येत नाही ना? मग हे जमेल. शांततेत अवघडून आधी कोण बोलतं यावर तीन-चार हजार तरी हलतात. फार तर म्हणा, "घरी विचारून उद्या सांगते." उद्या तोच आकडा असतो, कधी कधी कमी असतो.

किती कमी होईल, असं विचारलंत. वरच्या ओळींतून निघालेले चाळीसेक हजार धरूनच चाला. जुन्या गाडीचा फरक आणि एनसीबी वेगळे. त्याशिवाय डीलरच्या खिशातून रोख दहा हजार मागा, सहा-सात मिळाले तर पुरे. गाडी कुठल्या महिन्यात तयार झाली ते विचारा, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, तो महिना छापून येतो. चार-पाच महिने यार्डात पडलेली असेल तर दहाचे पंधरा मागायला हरकत नाही. याहून जास्त ताणलंत तर ते कुठूनतरी दुसरीकडून वसूल होईल.

पैसे फक्त डीलरच्या कंपनीच्या खात्यात, पावती तिथल्या तिथे. ओंकारच्या जीपेवर बुकिंगचे पाच हजारही नकोत, कितीही घरचा असला तरी. उद्या नोंदीत घोळ झाला तर नोकरी त्याची जाते आणि अबोला तुमच्यात नि काकूंत येतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानेच बंद आहे, तेव्हा कुणी रोखीची सवलत सांगितली तर कानाडोळा करा.

दसऱ्याला शोरूममध्ये लग्नाच्या हॉलसारखी गर्दी असते. नारळ, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, फोटोवाला, केक, आणि त्या गडबडीत "इथे सही, इथे सही" चाललेलं. त्या दिवशी गाडी कुणी तपासत नाही, तपासू शकत नाही. म्हणून दोन दिवस आधी, भर उजेडात, यार्डात किंवा वर्कशॉपमध्ये जाऊन बघून या. चेसिस नंबर बिलाशी जुळवा. किलोमीटर बघा, पन्नासेक ठीक, तीनशे असतील तर ती टेस्ट ड्राइव्हची गाडी असू शकते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारी टायर आणि स्टेपनी एका सुमाराचे हवेत. बॉनेटच्या कडा, दाराच्या खालचा रंग बोट फिरवून बघा. कागदांवर सह्याही तेव्हाच. दसऱ्याला फक्त चावी घ्या, सासूबाईंच्या हातून पूजा करा आणि सारसबागेत जाऊन या.

जुनी गाडी देताना मात्र ओंकारवर सोडून मोकळ्या होऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या म्हणजे गाडी नावावरून गेली असं नाही. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याकडून, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली, डीलरचा शिक्का असलेली पावती घ्या, आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याची प्रत मिळेपर्यंत दर पंधरा दिवसांनी फोन करा. इथे ओळख कामाला येते, ती वापरा. काचेवरचा जुना फास्टॅगही बंद करून घ्या. नाहीतर नवा मालक साताऱ्याला जाईल आणि खेड शिवापूरचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.